जमवणं, साठवणं आणि टाकवत नाही म्हणणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भुसावळचा, वडील रेल्वेत होते, त्यामुळे पाचवीत असतानाच प्लॅटफॉर्मवर पडलेल्या रिकाम्या माचिस उचलायची सवय लागली, कुठली दक्षिणेकडची, कुठली बंगालची, गाड्या सगळीकडून येतात ना. आज माझ्याकडे चार हजाराच्या वर छाप, म्हणजे माचिसवरची चित्रं, आहेत. आणि माझ्याच मामाच्या अमळनेरच्या घरात एक खोली अशी होती की दार ढकललं की आतलं सामान अंगावर यायचं. घरातली मंडळी दोघांच्या सामानाला एकच शब्द वापरायची, भंगार. त्यामुळे या विषयात मी दोन्हीकडून मार खाल्लेला माणूस आहे. मी डॉक्टर नाही, पण मामामुळे डॉक्टरांकडे बसलोय, वाचलंय, आणि लोक कधी व्हॉट्सअपवर तर कधी लग्नाच्या पंगतीत पकडून तेच तेच विचारतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

१. होर्डिंग म्हणजे चौकातलं वाढदिवसाचं होर्डिंग ना? त्याचा आजाराशी काय संबंध?

हसू नका, खरंच येतो हा प्रश्न. चौकातलं ते वेगळं. व्यापारी कांदा नाहीतर डाळ दाबून ठेवतो ती साठेबाजी, ती पण वेगळी, त्याला भाव आला की माल काढायचाच असतो आणि काढताना त्याच्या डोळ्यात पाणी येत नाही. आपण बोलतोय ते होर्डिंग डिसऑर्डर, म्हणजे वस्तू टाकायची म्हटलं की जीव कासावीस होतो, त्यामुळे वस्तू साचत जातात आणि शेवटी घर घरासारखं वापरता येत नाही. आधी डॉक्टर लोक याला मंत्रचळाचाच, म्हणजे ओसीडीचाच एक प्रकार धरायचे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या यादीत याला पहिल्यांदा स्वतंत्र आजाराचं नाव मिळालं. नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये पण आलं, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. म्हणजे नाव नवीन आहे, आजार जुनाच, आपल्याकडे "त्याला जमवायचं याड लागलंय" म्हणायचे ते हेच.

२. माणूस मुळात वस्तू जमवतोच कशाला? पोटाला तर लागत नाहीत.

पोटाला लागत नाहीत म्हणूनच मजा आहे त्यात. एक कारण नसतं, पाच-सहा कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. पहिलं म्हणजे शोध. मला एक छाप मिळायला अकरा वर्षं लागली आणि मिळाल्यावर दोन दिवसांत त्याचं अप्रूप संपलं, म्हणजे गोडी मिळण्यात नव्हती, शोधण्यात होती. दुसरं म्हणजे सेट पूर्ण करायचा, नऊ असले की दहावा झोपू देत नाही. तिसरं म्हणजे जगात कशाचाच मेळ लागत नाही पण आपल्या अल्बममध्ये लागतो, त्याचं एक समाधान असतं. चौथं म्हणजे ओळखीपाळखी, नाणीवाले-तिकिटंवाले एकमेकांना पाच मिनिटांत ओळखतात आणि मग दोन तास उठत नाहीत.

आणि आठवण. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं नाव घेताना लोकांना वाटतं राजा म्हणजे कुणी संस्थानिक असेल. तसं नाही, राजा हा दिनकर केळकरांचा मुलगा, तो लहानपणीच गेला आणि त्याच्या नावाने त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं, दरवाजे असं गावोगाव फिरून जमवलं.

पैशासाठी जमवतात म्हणणारे पण भेटतात. आपल्या जळगावात सोनं जमवणारे आहेतच, पण ती गुंतवणूक झाली, छंद नाही.

३. मग छंद कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, एका वाक्यात सांगा.

जमवणारा निवडतो, साठवणाऱ्याला टाकता येत नाही.

एका वाक्यात एवढंच, आता दोन वाक्यं जास्तीची. मला चार हजार छापांमधला डुप्लिकेट कुणी मागितला तर मी खुशीत देतो, फाटका असेल तर फेकतो, काय आहे काय नाही ते वहीत लिहिलेलं आहे आणि पाहुणा आला की मीच अल्बम काढून त्याला पकवतो. मामाकडे काय आहे ते मामालाच सांगता यायचं नाही, पाहुणा आला की तो खोलीच्या दारात आडवा उभा राहायचा. त्याच्या खोलीत तांब्याची तार पण होती, तीन वर्षं जुनी औषधाची बिलं पण होती आणि दोन्हीची किंमत त्याच्या लेखी सारखीच. हे नीट लक्षात घ्या, घेण्यात फार फरक नसतो, टाकण्यात असतो. आजार टाकण्याच्या क्षणी दिसतो.

४. किती वस्तू झाल्या की धोका? काहीतरी आकडा सांगा ना.

आकडा नाही. वर सांगितलेल्या केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत, त्यातल्या जेमतेम अडीच हजार मांडलेल्या आहेत, त्याला कुणी आजार म्हणत नाही. आणि एका खोलीच्या घरात तीनशे वस्तूंनी पण माणूस अडकतो.

डॉक्टर वस्तू मोजत नाहीत, जागा बघतात. पलंगावर झोपता येतं का, ओट्यावर भाकरी टाकता येते का, मोरीत बसून आंघोळ होते का, मागच्या दारापर्यंत न अडखळता जाता येतं का. यासाठी फोटोंची एक पट्टी वापरतात, बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांचे प्रत्येकी नऊ फोटो, एक नंबर म्हणजे नीटनेटकं आणि नऊ नंबर म्हणजे छताला टेकलेलं. माणसाने आपल्या घरासारखा दिसणारा फोटो निवडायचा. साधारण चौथ्या फोटोपासून पुढे असेल तर लक्ष द्यायला पाहिजे असं धरतात. शब्दात विचारलं की सगळे "थोडासा पसारा आहे" असंच म्हणतात म्हणून फोटो. आता घरातली बाकीची माणसं रोज मागून आवरत असतील तर जागा मोकळी दिसेल पण आजार असेलच, एवढी एक पळवाट ध्यानात ठेवा.

५. आमची माय श्रीखंडाचे डबे, दुधाच्या पिशव्या, सुतळ्या, जुनी लुगडी सगळं ठेवते. तिला आजार आहे का?

बहुतेक नाही. ज्या बाईने बहात्तरचा दुष्काळ बघितलाय तिला सुतळी फेक म्हणणं म्हणजे अन्न टाक म्हणण्यासारखं आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी होते, पिशव्यांत मेथी बांधून द्यायला बऱ्या पडतात, डब्यात कुरडया-पापड जातात आणि कपडे शेवटी बोहारणीला देऊन पातेलं येतं. म्हणजे वस्तू फिरतेय. जिथे वस्तू फिरते तिथे काळजी नाही.

"ऱ्हाऊ दे भो, कामले यी" हे वाक्य आपल्याकडे घराघरात आहे, ते म्हणणारा प्रत्येकजण आजारी धरला तर सगळा खान्देश डॉक्टरच्या रांगेत उभा राहील. फक्त एवढं बघा की काम पडल्यावर ती वस्तू सापडते का. आणि एक गैरसमज जाता जाता काढतो, गरिबीत वाढलेला माणूसच पुढे साठवायला लागतो असं सगळ्यांना वाटतं, पण अभ्यासांत असा ठाम संबंध सापडलेला नाही. धक्का बसणाऱ्या घटनांशी, कुणाच्या जाण्याशी संबंध जास्त दिसतो. मामाचं पण मामी गेल्यावरच वाढलं.

६. कापसाला भाव नाही म्हणून अख्खी खोली कापसाने भरून ठेवलीय, अंगाला खाज सुटते, बायको मलाच वेडा म्हणते. हे पण तेच का?

नाही भाऊ. तुम्ही भावाची वाट बघताय, भाव आला की त्याच दिवशी गाडी भरणार. तुमचा तो प्रश्न बाजाराचा आहे, डोक्याचा नाही. फक्त घरातल्या कापसाजवळ चूल, बिडी, उघडी वायर नको.

७. पोरगा आठ वर्षांचा आहे, नदीतले दगड, बाटल्यांची झाकणं, तुटके पेन सगळं खिशात भरून आणतो. आत्ताच आवर घालू का?

अहो, त्या वयात सगळेच जमवतात. पोरं ठराविक वयात जमवतात, मग दहावी-बारावीत सुटतं, काहींचं चाळिशीत पैसे हातात आले की परत सुरू होतं. त्याला एक डबा द्या, एक वही द्या आणि म्हणा डबा भरला की नवीन आणायच्या आधी एक काढायचा. काढताना कुठला काढू म्हणून दहा मिनिटं विचार करेल, तेच शिक्षण आहे.

आता दुसरी बाजू. ज्यांना खरा आजार असतो त्यांची सुरुवात पण बऱ्याचदा अकरा ते पंधरा या वयातच झालेली सापडते. तेव्हा आईबाप आवरतात म्हणून दिसत नाही, मग दर दहा वर्षांनी थोडं थोडं वाढत जातं आणि पन्नाशी-साठीत घर भरलेलं दिसतं. युरोप-अमेरिकेत शंभरातल्या साधारण दोन ते सहा लोकांना हा त्रास असल्याचा अंदाज आहे. घरात आधी कुणाला असेल तर पुढच्यांना व्हायची शक्यता जास्त. म्हणून पोराचे दगड बघून घाबरू नका, पण वापरलेला टिश्यू पेपर फेकला म्हणून तासभर रडत असेल आणि हे वारंवार होत असेल तर एकदा दाखवा.

८. साधा कागद टाकताना माणसाच्या डोक्यात एवढं काय होतं?

थोडंफार तर सगळ्यांच्याच डोक्यात होतं. १९९० मध्ये एक प्रयोग छापून आला, त्यात अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग फुकट वाटले आणि नंतर ते विकायला सांगितले, तर ज्यांना मग मिळाले होते ते घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागायला लागले, मग तोच, फक्त आता "माझा" झालेला. आपली जुनी स्प्लेंडर विकताना प्रत्येकजण हेच करतो.

साठवणाऱ्याच्या बाबतीत हे कितीतरी पट असतं. २०१२ च्या एका अभ्यासात लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून त्यांच्या घरी आलेली टपालातली रद्दी दाखवली आणि विचारलं ठेवू की फाडू. काही कागद त्यांचे होते, काही परक्याचे. परक्याचा कागद असला की या लोकांच्या मेंदूतले ठराविक भाग इतरांपेक्षा कमी चालत होते आणि स्वतःचा कागद आला की एकदम जास्त भडकत होते. हे भाग काय महत्त्वाचं, काय चुकेल, हे ठरवणारे. म्हणजे आपल्याला जी लाईटबिलाची झेरॉक्स वाटते ती त्याला जमिनीच्या खरेदीखतासारखी जड वाटते. वर निर्णय घेणं अवघड, गोष्टी गटात लावणं अवघड, नजरेआड झाली की विसरू ही भीती, म्हणून सगळं समोरच मांडून ठेवायचं. याला आळस म्हणणारे लोक भेटतात, त्यांना म्हणावं की मामा पहाटे पाचला उठून सामान एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवायचा, रोज, चार-चार तास.

९. वडील आठ दिवस गावाला जाणार आहेत. तेवढ्यात खोली साफ करून टाकू का?

नका करू. कळकळीने सांगतोय, नका करू.

आम्ही केलं. मामा मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी गेला होता, महिनाभर घर मोकळं, आम्ही चार भाचे-पुतणे मिळून खोली रिकामी केली. मोटार वायंडिंगचं काम करायचा तो, त्यामुळे जळक्या मोटारी, बेअरिंगं, पंख्यांची पाती, तेलाचे डबे, शिवाय पंचवीस वर्षांचे पेपर. भंगारवाल्याने तीन हजार आठशे दिले. आम्ही वरून रंग मारला, नवा पंखा लावला, खूप मोठं काम केलं असं वाटत होतं. मामा आला, माळ काढायच्या आधी खोलीत गेला, आणि बाहेर येऊन विचारलं की कोपऱ्यात खोक्यात मामीच्या हातची वही होती, ती कुठे आहे. कुणालाच माहीत नव्हतं. तो ओरडला पण नाही. त्यानंतर तो आमच्यातल्या कुणाच्या घरी जेवला नाही, तीन वर्षं, आणि खोली वर्षभरात होती तेवढीच भरली, फक्त आता कुलूप आलं.

हे आमच्याच बाबतीत झालं असं नाही, सगळीकडे हेच होतं, पाठीमागून साफ केलं की विश्वास जातो, धास्ती वाढते आणि साठवण दुप्पट जोराने सुरू होते. त्यातून काही माणसं इतकी खचतात की जिवावर बेततं. वस्तू गेली हे कारण नसतं, ठरवणं त्याच्या हातातून काढून घेतलं हे असतं. अपवाद एकच, आग, गळणारा गॅस, सडलेलं अन्न, वायरवर रचलेली रद्दी, म्हणजे आज रात्री कुणी मरू शकेल असं काही असेल तर तेवढंच आणि त्याला सांगून काढायचं. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसवर पारा जातो आणि अडगळीत विंचू-साप निघतात, त्यामुळे निदान चालायची वाट आणि झोपायची जागा यावर अडून बसायला हरकत नाही.

१०. मग करायचं तरी काय?

पहिलं म्हणजे "भंगार", "कचरा", "उकिरडा" हे शब्द बंद. तो ज्या नावाने बोलतो तेच नाव घ्या. दुसरं, स्वच्छतेवरून सुरुवात करू नका, त्याला काय हवंय तिथून करा. मामाला नातीने राहायला यावं असं वाटायचं, तर बोलणं तिथून सुरू झालं की ती झोपणार कुठे. मग एक खाट मोकळी केली. फक्त खाट. त्याच्या हाताने, त्याच्या निर्णयाने, आम्ही फक्त वस्तू उचलून दाखवायची आणि गप्प बसायचं, गप्प बसणं सगळ्यात अवघड. एका दिवसात अर्धा तास, त्याच्या वर नाही.

आपल्याकडे श्रावणात कानबाई बसते, त्याआधी घर झाडून, रंग देऊन, भांडीकुंडी सगळी घासून लख्ख करतात आणि भाऊबंद एकत्र येतात, तर त्या निमित्ताने घराचा एक भाग मोकळा करायचं ठरवलं तर माणूस तयार होतो, कारण ते देवीसाठी आहे, त्याच्या विरोधात नाही. आमच्याकडे ओसरी तशीच मोकळी झाली.

डॉक्टरकडे काय होतं विचाराल तर या आजाराची म्हणून अशी खास गोळी नाही, सोबत उदासी किंवा चिंता असेल तर त्याची औषधं देतात, आणि ती बऱ्याच जणांना असते. मुख्य उपचार बोलण्याचा आणि सरावाचा, सीबीटी म्हणतात, टाकायचा सराव, न घेता दुकानातून परत यायचा सराव. त्याची जी पद्धत रूढ आहे ती साधारण सव्वीस बैठकांची, त्यातल्या काही घरी येऊन. फरक पडतो, पण घर एकदम शोरूम होत नाही, ती अपेक्षा धरूच नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो तिथून सुरुवात करा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. माणूस यायला तयार नसेल तर तुम्ही एकटे जाऊन बोला, ते पण चालतं.

११. सत्तरीपर्यंत अगदी टापटीप असलेले आजोबा अचानक कचरा गोळा करायला लागले. तेच का?

हे वेगळं असू शकतं आणि इथे उशीर करू नका. होर्डिंग हळूहळू वर्षानुवर्षं वाढतं. म्हातारपणी एकदम सुरू झालं, त्यातून स्वभाव बदलला, विसरायला लागले, आंघोळ सोडली, तर स्मृतिभ्रंश, पक्षाघाताचा लहानसा झटका, डोक्याला लागलेला मार असं काहीही असू शकतं. आधी मेंदूच्या डॉक्टरला दाखवा.

१२. जो माणूस घर सोडून बाहेरच पडत नाही आणि घरात वस्तू भरून ठेवतो, तो तर नक्कीच आजारी ना?

घाई नको. आपल्या चाळीसगावचे केकी मूस बघा. मुंबईत शिकलेले, मोठे छायाचित्रकार, चित्रकार, शिल्पकार, आणि जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर पडले नाहीत म्हणाना, १९८९ च्या शेवटच्या दिवशी गेले. घरात त्यांची कामं, जुन्या कलावस्तू, सगळं भरलेलं. पण गेल्यावर काय झालं, त्या घराचंच कलादालन झालं, स्टेशनपासून जवळच आहे, जाऊन या. एकलकोंडेपणा होता, साठवणूक होती म्हणणं अन्याय होईल. प्रत्येक वस्तू निवडलेली होती.

याच्या उलट न्यूयॉर्कचे कॉलियर बंधू. होमर आंधळा झालेला, लँगली त्याची सेवा करायचा आणि भावाची दृष्टी परत आली की वाचायला म्हणून वर्षानुवर्षांचे पेपर रचून ठेवायचा. मार्च १९४७ मध्ये पोलीस घरात शिरले तर होमर मेलेला सापडला, लँगली तर एप्रिलमध्ये सापडला, त्याच घरात, भावापासून काही फुटांवर, स्वतःच रचलेल्या सामानाखाली दबून. घरातून शंभर टनांच्या वर सामान निघालं, त्यात चौदा पियानो. मला या गोष्टीत ते पेपर सगळ्यात जास्त टोचतात, कारण ते प्रेमाने ठेवलेले होते.

१३. जुनी कागदपत्रं, चोपड्या, मोडी लिपीतले कागद टाकू की ठेवू?

मोडी असेल तर भंगारवाल्याला हात लावू देऊ नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची, पेटाऱ्यातली दप्तरं मिळवत फिरले, त्यातून इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले गेले, आणि ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात आहे. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं जपून ठेवलीत, शंकर श्रीकृष्ण देवांनी हयात घालवून जमवलेली. म्हणजे "कुणाच्या तरी अडगळीत" होतं म्हणून ते वाचलं, हे खरंच आहे, आणि साठवणारी माणसं हा मुद्दा आपल्यावर फेकतात तेव्हा उत्तर सुचत नाही. उत्तर असं की राजवाड्यांनी कागद वाचले, लावले, छापले. नुसते पेटाऱ्यात राहिले असते तर ते वाळवीनेच खाल्ले असते.

रोजच्या कागदांचं सोपं आहे: जमिनीचे, वारसाचे, शिक्षणाचे, पेन्शनचे ठेवा, बाकी बिलं काही वर्षांनी काढा, आणि शंका असेल तर फोटो काढून मग टाका. (फोटोंचं वेगळंच लफडं आहे, प्रश्न १७ बघा.)

१४. आजीच्या डब्यात जुन्या पाचशे-हजारच्या नोटा सापडल्या. संग्रह म्हणून ठेवल्या तर चालतं ना?

थोड्या चालतात. ८ नोव्हेंबर २०१६ ला बंद झालेल्या नोटांबद्दल २०१७ चा कायदा आहे, त्यानुसार दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवता येत नाहीत, अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी असतील तर पंचवीसपर्यंत. जास्त सापडल्या तर दहा हजार रुपये किंवा नोटांच्या किमतीच्या पाचपट, यातला मोठा आकडा दंड. म्हणजे इथे संग्राहक कोण हे कायद्यानेच मोजून ठेवलंय, प्रश्न ४ ला मी आकडा नाही म्हटलं ते इथे खोटं ठरतं.

१५. ट्रॅक्टरवाली पाचची नोट, ७८६ नंबरची नोट लाखाला जाते म्हणतात. विकू का?

विका, कुणी घेतली तर. आधी "नोंदणी फी" भरा म्हणणारा भेटेल, तो चोर. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारावर फी-कमिशन मागणाऱ्यांशी आमचा संबंध नाही. आणि एक दुष्परिणाम कुणी बोलत नाही, हे व्हिडिओ बघून साठवणाऱ्या माणसाला नवीन कारण मिळतं, "बघ, म्हणून मी ठेवतो".

१६. नांगरताना शेतात नाण्यांचं गाडगं सापडलं. माझ्या शेतात, म्हणजे माझंच ना?

थांबा. १८७८ चा कायदा आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं असतं. कळवलं तर शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हिस्सा कायदा मान्य करतो, लपवलं तर तुमचा हिस्सा जातो आणि शिक्षा पण होते. सराफाकडे वितळवायला नेऊ नका, घासून चमकवू पण नका, सगळी माहिती त्या काळपट थरात असते. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा पण लागतो, त्या देशाबाहेर तर पाठवताच येत नाहीत.

१७. मोबाईलमध्ये वीस हजार फोटो आहेत, डिलीट होत नाहीत. मला पण आजार?

रोज सकाळचे गुड मॉर्निंगवाले फोटो असतील तर ते पाठवणाऱ्याला आजार आहे. थट्टा सोडा, जागा अडत नाही तोवर निदान होत नाही, पण डिलीट दाबताना छातीत धस्स होत असेल तर प्रश्न ८ परत वाचा, ते तेच आहे.

१८. आमच्या गल्लीत एक काकू तीसेक मांजरं पाळतात. ती तर भूतदया झाली, त्यात कसलं होर्डिंग?

मांजरं धडधाकट असतील, नसबंदी-लसी होत असतील, घर राहण्याजोगं असेल तर भूतदयाच. पण मांजरं उपाशी, डोळे चिकटलेली, घरात वास मारतोय, मेलेलं पिल्लू दोन दिवस पडून आहे आणि काकू म्हणतात माझ्याशिवाय त्यांना कोण, तर तो या आजाराचाच एक प्रकार आहे आणि त्यातला वाईट, कारण इथे त्रास वस्तूला नाही, जिवाला होतो. अशांचं घर भरलेलं असतंच पण त्यांना ते दिसतच नाही. भांडायला जाऊ नका, आधी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला सोबत घेऊन एकाच आजारी मांजराबद्दल बोला.

१९. मी स्वतः नाणी जमवतो. माझंच हाताबाहेर चाललंय हे मला कसं कळणार?

बायकोला विचारा. हे मी गमतीत नाही म्हणत, आतल्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं.

बाकी मी माझ्यापुरत्या खुणा ठरवल्यात. घेतलेलं घरात लपवून आणायला लागलो. आहे हे विसरून तेच दुसऱ्यांदा घेतलं. पाकीट महिनाभर न फोडता पडलंय. उसने घेऊन घेतलं. कुणी बघायला मागितलं तर टाळलं. यातलं एखादं कधीतरी होतंच, २०१९ ला माझी तीन एकदम झाली होती, तेव्हा मी सहा महिने काही घेतलं नाही, फक्त आहे ते वहीत चढवलं. तेवढ्यात दोनशे सोळा डुप्लिकेट निघाले.

२०. मी गेल्यावर माझ्या संग्रहाचं काय होणार?

तुम्ही काही केलं नाही तर तेराव्यानंतर भंगारवाला येणार. पोरांना दोष देऊ नका, त्यांना काय माहीत कुठलं काय.

केळकरांनी आपला संग्रह हयातीतच, १९७५ मध्ये, राज्य सरकारच्या हवाली केला. एवढं मोठं आपल्याला जमणार नाही, पण यादी करा, प्रत्येकापुढे अंदाजे किंमत आणि कुणाला द्यायचं ते नाव लिहा, मृत्युपत्रात एक ओळ टाका. हस्तलिखितं-कागद असतील तर प्रश्न १३ मधल्या संस्थांना जिवंतपणीच विचारा, ते सगळं घेतीलच असं नाही, आणि नाही म्हणाले तर राग मानू नका, त्यांनाही जागा लागते.

माझे छाप भाचीच्या पोराला जाणार आहेत, तो आत्ता पाचवीत आहे. मामाच्या खोलीचं विचाराल तर तो गेल्यावर आम्ही कुलूप काढलं, तीन आठवडे लावून एकेक कागद बघितला. मामीची वही नाही सापडली. खाट मात्र मोकळीच होती, वर धुतलेली चादर.